कॉलेजची पोरं विरुद्ध चॅम्पियन

शिकागोच्या आसपास राहणाऱ्या आणि अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्या मराठी माणसाला ऑगस्ट उजाडला की एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचा मुलगा किंवा मुलगी बहुधा मिशिगनला, ओहायो स्टेटला नाहीतर अलाबामाला शिकत असते आणि त्या कॉलेजचा संघ देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असतो. मग गणपतीच्या जेवणात पानावर बसल्या बसल्या सवाल येतो: "हा संघ एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, सगळ्यात रडक्या टीमला तरी हरवेल की नाही? तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं याला फारशी किंमत नाही, कारण या वादाचा निकाल मैदानावरच लावून झाला आहे. १९३४ ते १९७६ या काळात शिकागोत दर उन्हाळ्यात, एनएफएलचा हंगाम सुरू होण्याआधी, एक प्रदर्शनी सामना व्हायचा. एका बाजूला व्यावसायिक संघ, शक्यतो आदल्या वर्षीचा विजेता. दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी कॉलेज संपवलेल्या देशभरातल्या निवडक खेळाडूंचा संघ. कॉलेज ऑल-स्टार गेम म्हणायचे त्याला. एकूण ४२ सामने झाले: व्यावसायिक ३१, कॉलेजवाले ९, बरोबरी २.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या मुलाच्या कॉलेजचा संघ एकटा आहे. शिकागोत उतरायचा तो सगळ्या कॉलेजांमधून वेचून काढलेला संघ, आणि त्यातले बरेचसे पुढच्याच महिन्यात एनएफएलमध्ये दाखल होणारे. तरी ४२ पैकी ९. म्हणजे प्रश्न तिथेच संपला. पण हा आकडा सांगून मी सहसा गप्प बसत नाही. बायको डोळ्यांनी खुणावते, तरीही नाही. कारण ते नऊ विजय कधी कधी मिळाले ते पाहिलं, तर तुमचा प्रश्न एके काळी अगदी उलट्या बाजूने विचारला जायचा हे कळतं.

१९३४ साली लोक विचारत होते की हे पैसे घेऊन खेळणारे कॉलेजच्या पोरांपुढे टिकतील का. तेव्हा फुटबॉल म्हणजे कॉलेजचा फुटबॉल. शनिवारी प्रचंड स्टेडियम भरायची, बँड वाजायचा, वर्तमानपत्रांची पानंच्या पानं त्यावर खर्ची पडायची. एनएफएल १९२० मध्ये स्थापन झाली ती ओहायोतल्या कँटन गावात, एका मोटारविक्रेत्याच्या शोरूममध्ये. पुढची कित्येक वर्षं तिचे संघ छोट्या गावांतून उगवायचे आणि बुडायचे. १९३२ चं विजेतेपद ठरवणारा सामना कडाक्याच्या थंडीमुळे शिकागो स्टेडियममध्ये छताखाली खेळवला गेला, आणि तिथे पूर्ण १०० यार्ड मावेनात म्हणून मैदान ८० यार्डांचं करावं लागलं. जमीन होती नुकत्याच येऊन गेलेल्या सर्कशीची माती. अशा लीगला कॉलेजवाले नाक मुरडणारच. ड्राफ्ट म्हणजे लीगच्या संघांनी कॉलेज संपवलेले खेळाडू आळीपाळीने निवडणं. १९३६ च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल खेळलाच नाही. पैशांचं जमलं नाही, आणि त्यात आपलं काही मोठं नुकसान झालं असं त्या काळात कोणाला वाटण्याचं कारणही नव्हतं.

हा सामना काढला तो आर्च वॉर्डने. शिकागो ट्रिब्यूनचा क्रीडा संपादक. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याने बेसबॉलचा ऑल-स्टार सामना भरवला होता, आणि तो तुफान चालला. पुढच्या वर्षी प्रदर्शन चालूच होतं, तेव्हा त्याने फुटबॉलकडे मोर्चा वळवला. कॉलेजचा संघ वाचकांच्या मतांवर निवडायचा, उत्पन्न धर्मादाय कामाला द्यायचं, जागा शिकागोचं सोल्जर फील्ड स्टेडियम. पेपर खपवण्याची युक्ती म्हणून याच्याइतकी चोख दुसरी माझ्या माहितीत नाही. वाद गल्लीबोळातला, मतपत्रिका पेपरातली, आणि देणगी गरिबांना, म्हणजे कोणी नावंही ठेवायची नाहीत.

३१ ऑगस्ट १९३४ च्या रात्री ७९,४३२ लोक जमले. समोर शिकागो बेअर्स, म्हणजे ब्रॉन्को नागुरस्की आणि रेड ग्रेंजचा संघ. निकाल ०-०. बघायला हा सामना कंटाळवाणा झाला असणार, पण वॉर्डला याहून चांगला निकाल मागून मिळाला नसता, कारण वाद जिथल्या तिथे राहिला. पुढच्या वर्षी बेअर्स ५-० ने जिंकले. हो, फुटबॉलमध्ये पाच: एक फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेला चेंडू, तीन गुण) आणि एक सेफ्टी (चेंडूवाल्याला त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात पाडणं, दोन गुण). त्या १९३५ च्या कॉलेज संघात मिशिगनचा एक सेंटर, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा खेळाडू, होता, जेराल्ड फोर्ड. त्याला व्यावसायिक संघांनी बोलावलं होतं, पण तो गेला येलला, फुटबॉलचा सहायक प्रशिक्षक म्हणून, आणि पुढे तिथेच कायदा शिकला. नंतर तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

१९३७ मध्ये पोरं पहिल्यांदा जिंकली. टेक्सासच्या सॅमी बॉने गेनेल टिन्सलीला पास दिला, एक टचडाउन झालं, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला, आणि ग्रीन बे पॅकर्स ६-० ने हरले. बॉ तिथून वॉशिंग्टनच्या संघात गेला आणि त्याच डिसेंबरात त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. साहजिकच १९३८ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन चॅम्पियन म्हणून शिकागोत आलं, आणि नव्या पोरांनी त्यांनाही २८-१६ ने आडवं केलं. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत दोन विजय, दोन बरोबरी आणि एकच हार. तेव्हा कोणी तुमचा प्रश्न विचारला असता, तर मीही कॉलेजवर पैसे लावले असते.

याच सामन्याची एक बाजू मात्र सहसा कोणी काढत नाही. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, मालकांनी मनातच ठरवून टाकलं होतं. शिकागोच्या कॉलेज संघात मात्र कृष्णवर्णीय खेळाडू असायचे. १९४० मध्ये यूसीएलएचा केनी वॉशिंग्टन खेळला. १९४१ मध्ये त्याच विद्यापीठाचा जॅकी रॉबिन्सन, पुढे बेसबॉलची वर्णभिंत पाडणारा तोच, ९८,२०३ प्रेक्षकांसमोर बेअर्सविरुद्ध उतरला आणि त्याने टचडाउनही केलं. बेअर्स ३७-१३ ने जिंकले. त्या रात्री मैदानावरचे त्याचे गोरे सहकारी लीगमध्ये नोकरीला लागणार होते. ज्यांच्याविरुद्ध त्याने गुण काढले त्यांच्या लीगमध्ये रॉबिन्सनला दार बंद होतं. केनी वॉशिंग्टनला ते दार उघडायला १९४६ उजाडावं लागलं, तेही एनएफएलचा रॅम्स हा संघ लॉस एंजेलिसला आला आणि तिथल्या सार्वजनिक स्टेडियमच्या वापरावरून लोकांनी जाब विचारला म्हणून. ही माणसं कमी पडतात, असं म्हणायची सोय मात्र शिकागोच्या सामन्याने कोणाला ठेवली नव्हती. ४२ सामन्यांमधलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

युद्धाच्या काळातले निकाल मी फार धरत नाही. दोन वर्षं सामना सोल्जर फील्ड सोडून एव्हन्स्टनच्या डाइक स्टेडियमवर गेला. १९४३ मध्ये पोरांनी वॉशिंग्टनला २७-७ ने हरवलं खरं, पण तेव्हा एनएफएलचे अर्धेअधिक चांगले खेळाडू सैन्यात होते. त्या सामन्यातलं एक नाव मात्र ध्यानात ठेवा. नॉर्थवेस्टर्नचा ऑटो ग्रॅहम. स्वतःच्याच विद्यापीठाच्या मैदानावर त्याने प्रतिस्पर्ध्यांचा पास हिसकावून ९७ यार्ड धावत टचडाउन केलं.

१९४७ ला या सामन्याने कळस गाठला. प्रेक्षक १,०५,८४०, आणि पोरांनी बेअर्सना एकही गुण न देता १६-० ने हरवलं. सामन्याचा मानकरी ठरला इलिनॉयचा बडी यंग, जेमतेम सव्वापाच-साडेपाच फुटांचा धावपटू. आदल्या वर्षी पोरांनी रॅम्सनाही १६-० नेच हरवलं होतं. १९५० मध्ये सलग दोन वर्षं विजेत्या असलेल्या फिलाडेल्फियाला १७-७. इथपर्यंत वाद जिवंत होता.

मग तो कशामुळे विझला? पोरं काही दुबळी झाली नव्हती. त्याच १९५० साली एनएफएलने खेळाडू हवे तेवढे आत-बाहेर करायची मुभा कायमची दिली. त्याआधी तोच खेळाडू चढाईही करायचा आणि बचावही, आणि खेळ थोडा रांगडा असायचा. आता चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे वेगळे. एकेक माणूस एकेका कामात घासून तयार होऊ लागला, डावपेचांच्या वह्या जाडजूड झाल्या.

इथे मला इराणी करंडक आठवतो. १९५९-६० पासून आपल्याकडे रणजीचा विजेता विरुद्ध शेष भारत असा सामना होतो. कल्पना हीच: एका बाजूला मुरलेला संघ, दुसरीकडे गोळा केलेला. पण तिथे शेष भारत निम्म्याच्या आसपास सामने जिंकत आला आहे. क्रिकेटमध्ये शेवटी एक गोलंदाज आणि एक फलंदाज समोरासमोर असतात, त्यामुळे चांगले अकरा आणून उभे केले तरी भागतं. फुटबॉलमध्ये चेंडू हलला की अकराही जण एकाच क्षणी हलतात. पास देणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढ्यातल्या पाचांपैकी एकाचं पाऊल चुकलं, तर बाकीच्या दहांची हुशारी वाया. काही आठवड्यांच्या सरावात ती सवय अंगात भिनत नाही. आणि समोरचे वर्षानुवर्षं तेच करत असतात.

तरी मधूनच कुठेतरी पोरं चमकायची. १९५५ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सला ३०-२७ ने हरवलं, त्यामागे ऑटो ग्रॅहम होता, म्हणजे नव्हता. ब्राउन्सचा हा महान क्वार्टरबॅक आदल्या मोसमानंतर निवृत्त झाला होता. प्रशिक्षक पॉल ब्राउनने विनवणी करून त्याला परत आणलं आणि डिसेंबरात तोच संघ पुन्हा विजेता झाला. पुढे ग्रॅहम या कॉलेज संघाचा प्रशिक्षक झाला. १९५८ मध्ये त्याच्या पोरांनी डेट्रॉइटला ३५-१९ ने धुतलं.

आणि मग २ ऑगस्ट १९६३. समोर प्रशिक्षक लोम्बार्डीचे पॅकर्स, सलग दोन वेळचे विजेते. ग्रॅहमच्या संघात विस्कॉन्सिनचा रॉन व्हँडर केलेन होता. त्याला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कोणी निवडलंही नव्हतं. त्याने आपल्याच कॉलेजच्या पॅट रिक्टरला पास दिला, ७४ यार्डांचं टचडाउन झालं, आणि पोरं २०-१७ ने जिंकली. पॅकर्सचा पॉल हॉर्नंग जुगाराच्या प्रकरणात निलंबित होता, असं काही जण लगेच सांगतील. असेना. नऊपैकी मी मनापासून मोजतो तो हा. त्यानंतर पोरं कधीच जिंकली नाहीत, ओळीने बारा वेळा हरली.

खरं तर या सामन्याला कापून काढलं ते त्याच्याच यशाने. एनएफएलला प्रतिष्ठा मिळवून द्यायला त्याची मोठी मदत झाली होती. ती मिळाल्यावर लीगला त्याची गरज उरली नाही. मोठे करार देऊन घेतलेला नवा खेळाडू ऐन सरावशिबिराच्या दिवसांत शिकागोला पाठवायचा, आणि तो गुडघा मोडून घेऊन यायचा, हे कोणत्या प्रशिक्षकाला पटेल? १९७४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे सामना झालाच नाही.

शेवटचा सामना २३ जुलै १९७६ ला. सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागात पिट्सबर्ग २४-० ने पुढे असताना आभाळ फाटलं. खेळ थांबला, आणि हजारो प्रेक्षक मैदानात उतरून कृत्रिम हिरवळीवरच्या पाण्यात घसरगुंडी खेळू लागले. गोलपोस्ट पाडले. शेवटी सामना तिथेच संपल्याचं जाहीर झालं. ट्रिब्यूनने तो पुन्हा भरवला नाही. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये १९३५ च्या संघातला तोच सेंटर, जेराल्ड फोर्ड, बसलेला होता.

यावर दुसरा प्रश्न ठरलेला: "मग आता एकदा का घेत नाहीत? मजा येईल." नाही घेणार. आज ड्राफ्ट एप्रिलमध्ये होतो, मे महिन्यात पोरगा संघाच्या सरावाला हजर असतो आणि त्याच्या करारावर कोट्यवधी डॉलर लागलेले असतात. हंगामाआधीचा पहिला सामना आता कँटनला होतो, १९६२ मध्ये सुरू झालेला हॉल ऑफ फेम गेम. त्यात दोन्ही बाजूंना एनएफएलचेच संघ असतात आणि नावाजलेले खेळाडू बहुधा कडेला टोपी घालून उभे असतात. २०१६ मध्ये तर मैदानावरच्या रंगामुळे जमीन खेळण्याजोगी राहिली नाही म्हणून तोही रद्द करावा लागला. स्वतःचे खेळाडू स्वतःच्या सामन्यात न उतरवणारे हे लोक ते कॉलेज संघाला उसने देतील, अशी आशा तुम्ही धरू नका.