साठ रुपये

नगर ते श्रीरामपूर हा रस्ता मला टप्प्यांनी पाठ आहे. विळद, देहरे, वांबोरी फाटा, विद्यापीठ, राहुरी, फॅक्टरी, बेलापूर. एसटीत कंडक्टर म्हणून एकोणीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी याच मार्गावर गेली. कुठं किती माणसं उतरणार हे मी डोळे मिटून सांगेन. यंदा सप्टेंबरात तोच रस्ता पहिल्यांदा पायी चाललो, हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मरीयामातेच्या यात्रेला.

हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात आहे. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना इथलाच. तो बंद पडून किती तरी वर्षं झाली, पण 1949 पासून सुरू असलेली मतमाउलीची यात्रा वाढतच गेली. 8 सप्टेंबर हा पवित्र मरीयेचा जन्मदिवस. त्याच्या आगेमागे नोव्हेनाच्या प्रार्थना, मिस्सा म्हणजे सामूहिक उपासना आणि शनिवार-रविवारची मोठी यात्रा. नवस बोलायला सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. लहानपणी आईचा हात धरून मी ट्रकमधून जायचो. पायी जाईन असा शब्द दिला होता मुलीच्या आजारपणात, तो यंदा पाळला.

आम्ही पन्नासेक जण होतो. पुढं क्रूस, मागं छोट्या टेम्पोत फुलांनी सजवलेली मतमाउलीची मूर्ती, ढोलकी आणि झांजा. प्रत्येकाच्या गळ्यात जपमाळ. ही जपमाळ माझ्याकडं कायम असते, पण ड्यूटीवर खाकी शर्टाच्या खिशात. माझ्या आडनावावरून मी ख्रिस्ती आहे हे कुणाला कळत नाही. मी कधी लपवलं नाही, पण कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या दिवशी विळदच्या पुढं ओळखीच्या ड्रायव्हरनं गाडी हळू केली, काचेतून माझ्याकडं आणि क्रूसाकडं पाहिलं आणि हात जोडले. मला फार बरं वाटलं. आज आपण लोकांना दिसतोय, असं मनाशी म्हणालोसुद्धा.

पहिला मुक्काम राहुरीच्या अलीकडं एका शाळेत होता. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं घरून पिठलं-भाकरी आणली. म्हणाला, आषाढीला निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला निघते, ती बेलापूर-राहुरी करत नगरकडं येते, "तुमी उलट्या अंगानं निघालात, पण चाललात माउलीकडंच." गरम पाण्यात पाय घालून बसलो होतो, तरी उठून त्यांच्या पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी राहुरी फॅक्टरी सोडून बेलापूरच्या वाटेला लागलो. ऊन-पाऊस चालू होता. रस्त्याच्या कडेला एक मावशी मक्याची कणसं भाजत बसली होती. सत्तरीच्या पुढची असावी. आमच्यातल्या बायकांना तिनं पाणी दिलं. मी वाकून तांब्या घेतला तशी गळ्यातली जपमाळ पुढं लोंबली. तिनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं.

"मास्तर ना तुमी? श्रीरामपूर गाडीवरचे? तुमी मिशनचे व्हय!"

मी आनंदानं हो म्हणालो.

"तुमच्याकडं माझे साठ रुपये राह्यलेत."

तिच्या आवाजात राग नव्हता. दोन वर्षांपूर्वी नगरला दवाखान्यातून येताना तिनं शंभराची नोट दिली होती. सुट्टे नाहीत म्हणून मी तिकिटामागं साठ लिहून दिले. उतरताना तिनं मागितले, तर गर्दीत मी ओरडलो, "आजी, चला उतरा, गाडी खोळंबलीय." बेल मारली. ते तिकीट तिनं बरेच दिवस ठेवलं होतं म्हणे.

मला ती आठवत नव्हती. हे लिहिताना अजून लाज वाटते. साठ रुपयांची नव्हे, ती आठवत नव्हती याची. अशी माणसं एवढी झाली असतील की एकेकाचा चेहरा राहिला नाही. राहिलेले पैसे सगळेच कंडक्टर ठेवतात, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. तेही खरं नव्हतं. माझ्याच डेपोत माणूस खिडकीतून हाका मारून पैसे देणारे आहेत.

मी शंभराची नोट पुढं केली, म्हणालो, ठेवा सगळे. तिनं नोट घेतली, कपाळाला लावली, बसायच्या पोत्याखाली हात घातला आणि दहा-दहाच्या चार नोटा माझ्या हातावर मोजल्या. "माझे साठच."

वर एक कणीस दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

तिथून श्रीरामपूरपर्यंत मी भजन म्हटलं नाही. नोव्हेनात दर वर्षी ऐकतो, की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातली सोळावी ओवी. पण त्याच अध्यायात, सातच ओव्या पुढं, प्रभू म्हणतो की वेदीपाशी दान अर्पण करताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितलेल्या आहेत. मी आजवर पहिलीच ऐकत होतो. प्रवाशांनी माझा ख्रिस्त पाहिला असेल तर तो क्रूसावर नाही, माझ्या हाताच्या पंजात पाहिला असेल, नोट घेताना आणि परत देताना.

शनिवारी हरेगावला पोचलो. मैदान माणसांनी भरलं होतं. मेणबत्त्यांच्या धगीनं तोंड भाजत होतं. मुलीसाठी एक लावली, एक मावशीसाठी. मग पाप सांगायच्या रांगेत उभा राहिलो. दोन तास लागले. फादरांना सगळं सांगितलं. म्हणालो, एकीचे साठ दिले, पण बाकी कुणाचे किती ते मला माहीत नाही, नावं नाहीत, चेहरे नाहीत, मी ते कसे फेडू?

फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "गाडी रोज त्याच रस्त्यानं जाते ना?"

सोमवारी सकाळी डेपोच्या दारातल्या चहावाल्याकडून पाचशेचे सुट्टे घेतले आणि पहिल्या फेरीला चढलो. जपमाळ खिशातच होती.