पालथा दागिना

दागिना आधी पालथा करून बघायचा ही माझी जुनी खोड आहे आणि ती आजीकडून आलेली आहे. सोनाराने पुढे केलेली वस्तू ती आधी उलटी करी, डाग नीट दिला आहे का, फासा घट्ट बसतो का, हे पाही आणि मगच नक्षीकडे वळे. "पुढून काय, सगळंच छान दिसतं," एवढेच तिचे त्यावरचे भाष्य असे.

लंडनमध्ये पोर्टोबेलो रोडवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका शनिवारी दुपारी व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक कॅमिओ, म्हणजे दोन रंगांच्या थरांत उठावाचे चित्र कोरलेला दागिना, हाती आला, तेव्हाही माझ्या बोटांनी तेच केले. पुढच्या बाजूला तपकिरी जमिनीवर कोरलेला, केसांत द्राक्षाची पाने माळलेल्या तरुणीचा पांढरा चेहरा होता. म्हणजे मद्याच्या देवाची, बॅकसची, कुणी भक्तीण असावी. पाठ मात्र खोलगट निघाली, म्हणजे हा दगड नव्हे, शंख. टाचणीला साधा वाकवलेला आकडा होता, तिला अडवून धरणारी खिटी नव्हती आणि तिचे टोक कोंदणाच्या कडेबाहेर चांगले डोकावत होते. उजेडाकडे धरताच पाठीमागूनही त्या चेहऱ्याची सावली दिसू लागली.

इटलीत नेपल्सजवळ, व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या पायथ्याशी, तोर्रे देल ग्रेको नावाचे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथला कारागीर शंखाचा तुकडा लाकडी दांडीच्या टोकाला चिकटवतो आणि वरचा पांढरा थर कोरत जातो; गालावर तो जाड राखायचा, वस्त्राच्या कडेला इतका झिजवायचा की खालचा रंग त्यातून झिरपावा, आणि चेहऱ्याभोवती पुरता काढून टाकायचा. अकीकासारख्या कठीण दगडावर हेच काम फिरत्या चाकाने करावे लागते. शंख मऊ, त्याला हातातले अणकुचीदार हत्यार पुरते. म्हणूनच जवळच्या पॉम्पेई या प्राचीन नगराचे अवशेष पाहून परतणाऱ्या बेताच्या ऐपतीच्या इंग्रज प्रवाशालाही बायकोसाठी असा एखादा चेहरा नेणे परवडू लागले. या चेहऱ्यांच्या नाकांवरूनही काळ ओळखतात म्हणे, सरळ नाक जुने आणि अपरे नाक अलीकडचे, पण नाकावरून कुणाची पारख करणे मला कधीच पटलेले नाही.

नाकावरून आठवले. आजीच्या पितळी डब्यात एक राणीछाप रुपया होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुले त्यावर वहीचा पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घाशीत असू; आधी नाक उमटे, मग मुकुट, मग गळ्यातला हार आणि अंगावरचे भरजरी वस्त्र. आजी तो रुपयाही सवयीने उलटा करी, कारण साल मागे होते : १८६२. व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याला, अल्बर्टला, जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तो १८६१च्या डिसेंबरात गेला. राणीने त्यानंतर जे काळे कपडे चढवले ते मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, उतरवले नाहीत आणि इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या जेटचे, म्हणजे काळ्या अश्मीभूत लाकडाचे, दागिने तिच्यामागोमाग सगळ्या देशाने घातले. आमच्या पेन्सिलीखाली मात्र ती दर सुट्टीत तशीच तरुण आणि सालंकृत उमटत राहिली.

"समोरून नाही बघायचा?" दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी हसत विचारले. किमतीची चिठ्ठीही पाठीमागेच चिकटवलेली होती. ती मी वाचली आणि कॅमिओ अलगद सुलटा करून मखमलीवर ठेवून दिला.