पोकर टूर्नामेंटमध्ये समोरच्यावर नोट लिहिणं: माझा अनुभव

‘मासा’, ‘वेडा’, ‘काहीही घेऊन कॉल करतो’. ऑनलाइन पोकरमध्ये समोरच्या खेळाडूच्या नावापुढे लिहिलेल्या माझ्या सुरुवातीच्या नोट्स अशाच होत्या (‘मासा’ म्हणजे कच्चा खेळाडू), आणि तोच खेळाडू पुन्हा समोर आला की त्यांचा उपयोग शून्य. कॉल (समोरच्याएवढी पैज भरणं) किती चिप्स असताना केला, कुठल्या जागेवरून, कोणाविरुद्ध, यातलं काहीच लिहिलेलं नसायचं.

असा शेरा चुकतो कसा ते बघा. प्रत्येक डावात दोघांना आधीच सक्तीची पैज लावावी लागते: लहान लावणारा स्मॉल ब्लाइंड, मोठी लावणारा बिग ब्लाइंड, आणि ती मोठी पैज म्हणजे १ बीबी. स्मॉल ब्लाइंड १० बीबी घेऊन ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि बिग ब्लाइंडने राजा-पंजीवर कॉल केला, तीही वेगवेगळ्या रंगांची. बघणाऱ्याला हसू येतं. पण हिशेब मांडा: समोरचे १०, बिग ब्लाइंडचा १ आणि अँटीचा (आणखी एका सक्तीच्या पैजेचा) १, मिळून पॉट, म्हणजे मधली रक्कम, १२. कॉलला लागतात ९. म्हणजे २१ पैकी ९, साधारण ४३ टक्के जिंकलं तरी भागतं. स्मॉल ब्लाइंड त्या जागेवरून निम्म्याहून जास्त पत्त्यांवर ऑल-इन जात असेल, तर राजा-पंजी तेवढी जिंकते. कॉल बरोबर होता, ‘मासा’ लिहिणारा चुकला. हाच कॉल बबलवर झाला असता, म्हणजे बक्षिसांत यायला एक-दोन जण बाकी असताना, तर नोंद करण्यासारखा होता.

म्हणून आता मी मत लिहीत नाही, घडलेलं लिहितो, आणि क्रम कधी बदलत नाही: महिना-वर्ष, टूर्नामेंटचा प्रकार, टप्पा, दोघांपैकी ज्याच्याकडे कमी चिप्स त्याचा स्टॅक बीबीमध्ये, जागा, चाल, शेवटी दाखवलेले पत्ते. उदाहरणार्थ:

०३/२६, साधी, बबल, २४ बीबी, सीओ लिम्प, बटनच्या रेझवर ऑल-इन, एए.

एवढीच ओळ. म्हणजे बटनच्या (शेवटी चाल करणाऱ्या जागेच्या) अलीकडच्या सीओ जागेवरच्याने पैज न वाढवता फक्त बिग ब्लाइंडएवढी भरली (लिम्प), बटनने ती वाढवल्यावर (रेझ) ऑल-इन गेला आणि शेवटी दोन एक्के दाखवले. पुढच्या वेळी हा खेळाडू २० बीबीच्या आसपास असताना लिम्प करतो, तेव्हा माझा हात रेझवर जरा थांबतो. मात्र एकदा दिसलं म्हणजे सवय झाली असं नाही. तीच चाल पुन्हा दिसली की त्याच ओळीपुढे २, ३ असा आकडा वाढवतो. तीनदा झाली की मगच ‘लिम्पला रेझ नको’ असा हुकूम लिहितो.

प्रकार लिहायचा कारण बाउंटी टूर्नामेंटमध्ये प्रत्येकाच्या डोक्यावर पैसे असतात, ते त्याला बाद करणाऱ्याला मिळतात, आणि लोक योग्य कारणाने सैल, म्हणजे कमकुवत पत्त्यांवरही, कॉल करतात. ती नोट साध्या टूर्नामेंटमध्ये वापरली तर फसगत ठरलेली. री-एन्ट्री (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून येण्याची सोय) चालू असतानाचंही तसंच. पहिल्या तासाभरात बेधडक ऑल-इन जाणारा माणूस री-एन्ट्री बंद झाल्यावर कासवासारखा खेळू लागतो. अशा नोटला मी ‘री’ लावतो.

फोल्डची (पत्ते टाकून देण्याची) नोंद जवळजवळ कधीच करत नाही. पत्ते दिसले नाहीत तर कळलं काय? अपवाद बेटच्या, म्हणजे पैजेच्या, आकाराचा. फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पत्त्यांवर) पॉटच्या एक-तृतीयांश आणि रिव्हरवर (शेवटच्या सामाईक पत्त्यावर) अचानक दीडपट, हे पत्ते न दिसताही लिहून ठेवतो. दीडपट बेटला कॉल करायचा तर ३७.५ टक्के वेळा जिंकावं लागतं, त्यामुळे ‘दीडपट रिव्हर, चुकलेला बदाम ड्रॉ दाखवला’ (पाच बदाम जमले नाहीत, तरी मोठी पैज लावली) ही ओळ पुढे एखादा मोठा पॉट मिळवून देऊ शकते. किती सेकंद विचार केला, हे मात्र सोडून द्या. समोरचा सहा टेबलं उघडून बसलेला असतो, त्याचा उशीर तुमच्यासाठी नसतो.

चार टेबलांवर खेळताना लिहायला वेळ कुठे? डाव चालू असताना मी फक्त रंगाची खूण करतो. रंग चारच: सैल, घट्ट, आक्रमक, आणि ‘नंतर लिही’. बऱ्याच साइटवर दर तासाच्या ५५व्या मिनिटाला पाच मिनिटांची सुट्टी असते, तेव्हा ‘नंतर लिही’वाल्यांची हँड हिस्टरी (खेळलेल्या डावांची नोंद) उघडतो. शोडाऊनला, म्हणजे शेवटी पत्ते उघडताना, हरून गुपचूप फेकलेले पत्तेही अनेक साइटवर तिथे दिसतात. टेबलावर ते हुकतात, आणि माझ्या निम्म्या चांगल्या नोट्स तिथूनच आल्यात.

चुका बहुतेक घाईत होतात. टेबल बदलताना खिडकी सरकते आणि नोट शेजारच्याच्या नावावर जाते, म्हणून लिहिण्याआधी नाव वाचायचं. पॉट हरल्यावर लगेच लिहिलेली नोट रागाची असते. ती सुट्टीपर्यंत थांबू दे. काही साइट नावंच लपवतात, तिथे हा सगळा उद्योग त्या टेबलापुरताच.

ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर भारतातल्या साइटवरचं पैशाचं पोकर थांबलं, त्यामुळे हे मुख्यतः परदेशात, कायद्याने चालणाऱ्या साइटवर खेळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. फुकट चिप्सच्या टेबलावर ओळ पटकन लिहायचा सराव होतो. तिथल्या नोट्स मात्र ठेवू नका, कारण फुकटच्या चिप्सवर कोणीही कशावरही ऑल-इन जातो.

वर्षाहून जुन्या ओळी मी पुसत नाही, पण रंग काढून टाकतो. खेळाडू शिकतात. २०२३ चा ‘सैल’ आज बबलवर तुमच्यावरच दबाव टाकत असेल.