कॅनडाचे प्रांत वाढले ते ओटावाच्या जमिनीतून

कॅनडाच्या नकाशावरच्या सरळ रेषा पाहिल्या की कुणीतरी पट्टी ठेवून एका बैठकीत देश आखला असावा असं वाटतं. खरं तर हा नकाशा आजच्या रूपात यायला 1867 पासून 1999 पर्यंतचा काळ गेला. तो समजून घ्यायचा तर आधी एक प्रश्न विचारावा: जमीन कोणाच्या नावावर होती?

1 जुलै 1867 ला एकत्र आल्या त्या वसाहती तीन, पण प्रांत झाले चार. ‘प्रोव्हिन्स ऑफ कॅनडा’ या वसाहतीत इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भागांना विधिमंडळात सारख्या जागा होत्या, त्यामुळे सरकारं टिकत नव्हती. तिचे ओंटारियो आणि क्वेबेक झाले, सोबत नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक आले. अमेरिकेने व्यापार-सवलतींचा करार 1866 मध्ये संपवला आणि त्याच वर्षी सीमेपलीकडून फेनियनांचे, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश बंडखोरांचे, हल्ले झाले, तेव्हा कुंपणावरचेही तयार झाले. 1864 ची पहिली परिषद शार्लटटाउनला भरली, पण यजमान प्रिन्स एडवर्ड आयलंड मात्र रेल्वेचं कर्ज डोईजड झाल्यावर, 1873 मध्ये आलं.

हा संघ आजच्या मानाने लहानसा होता. हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचं खोरं 1670 च्या सनदेने हडसन्स बे कंपनीकडे होतं. कंपनीने ते सोडलं 3 लाख पौंड, आपल्या ठाण्यांभोवतीची जमीन आणि सुपीक पट्ट्याचा विसावा हिस्सा एवढ्याच्या बदल्यात. 15 जुलै 1870 ला ते ओटावाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, ताब्यात आलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना आणि मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांना कुणी विचारलं नाही. हा या संघराज्याच्या पायातलाच अन्याय आहे.

हस्तांतराच्या आधीच मोजणीदार रेड नदीवर पोचले होते. मेटींच्या जमिनी नदीकाठी अरुंद आणि मागे सुमारे दोन मैल जाणाऱ्या लांबट पट्ट्या होत्या, म्हणजे प्रत्येकाला पाणी, शेत आणि मागे गवत. ओटावाची मोजणी चौकोनी होती. ऑक्टोबर 1869 मध्ये मेटींचा नेता लुई रिएल आणि त्याच्या सोबत्यांनी मोजणीची साखळी पायाखाली धरून काम थांबवलं. त्या उठावामुळेच 1870 मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला. तो इतका लहान होता की त्याला ‘टपाल तिकिटाचा प्रांत’ म्हणत. जमिनीचा हक्क मात्र ओटावाने स्वतःकडेच ठेवला.

यापुढची गुरुकिल्ली म्हणजे 1871 चा कायदा. केंद्राच्या प्रदेशातून नवा प्रांत काढायचा अधिकार संसदेला मिळाला, पण असलेल्या प्रांताची हद्द बदलायची तर त्या प्रांताच्या विधिमंडळाची संमती हवी. भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद 3 मध्ये राज्याचं फक्त मत मागवलं जातं. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही 2014 मध्ये तेलंगण झालं. कॅनडात तसं होऊ शकत नव्हतं. आपली जमीन द्यायला कोणता प्रांत संमती देणार? म्हणून प्रांत वाढले ते शेजाऱ्याकडून घेऊन नव्हे, तर ओटावाच्या खात्यातून. क्वेबेक 1898 आणि 1912 मध्ये उत्तरेला सरकलं, मॅनिटोबा 1881 आणि 1912 मध्ये.

घोळ झाला तो 1881 मध्ये. मॅनिटोबाची पूर्व हद्द ‘ओंटारियोच्या पश्चिम हद्दीपर्यंत’ अशी लिहिली गेली, पण ती पश्चिम हद्दच ठरलेली नव्हती. रॅट पोर्टेज या गावावर, म्हणजे आजच्या केनोरावर, दोन्ही प्रांतांनी हक्क सांगितला, पोलीस नेमले, निवडणुका घेतल्या. 1884 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ओंटारियोच्या बाजूने कौल दिला आणि 1889 मध्ये तो कायद्यात आला. हद्द लिहिताना दुसऱ्या अनिश्चित हद्दीचा आधार घेऊ नये, हे इथे लख्ख दिसतं.

सरळ वाटणाऱ्या रेषाही जवळून बघा. सस्कॅचेवान आणि मॅनिटोबामधली हद्द जिन्यासारखी आहे. मोजणीत सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे एकेका चौरस मैलाचे, म्हणजे 640 एकरांचे 36 भाग. रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात, त्यामुळे चौकोन अरुंद होत जातात. ही तूट दर 24 मैलांवरच्या दुरुस्ती-रेषेवर सावरतात आणि तिथे रेघ थोडी बाजूला उडी घेते. हद्द टाउनशिपच्या 29 व्या आणि 30 व्या उभ्या रांगांमधल्या रस्त्याच्या पट्टीवर ठेवल्याने तीही पायरीपायरीने पश्चिमेला जाते. पुढे 102 अंश रेखांश गाठल्यावर ती सरळ होते.

सस्कॅचेवान आणि अल्बर्टा 1905 चे. तिथल्या प्रादेशिक सरकारचा प्रमुख फ्रेडरिक हॉल्टेन याला एकच मोठा प्रांत हवा होता, पण पंतप्रधान लॉरिये यांच्या सरकारने 110 अंशावर दोन केले. जमीन आणि खनिजं या दोघांना, आणि मॅनिटोबालाही, थेट 1930 मध्ये मिळाली. ओंटारियो-क्वेबेककडे ती 1867 पासून होती. पश्चिमेची ओटावावरची नाराजी समजून घ्यायला या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवाव्यात.

लॅब्रडॉरचा किनारा तेव्हा कॅनडाबाहेर असलेल्या न्यूफाउंडलंडकडे होता; वाद ‘किनारा’ म्हणजे किती आत, यावर होता. कॅनडा म्हणे एक मैलाची पट्टी, न्यूफाउंडलंड म्हणे पाणलोटाच्या माथ्यापर्यंत. 1927 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पाणलोट मान्य केला आणि दक्षिणेला 52 अंश अक्षांश धरला. 1949 मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात आलं ते ही हद्द घेऊनच. चर्चिल फॉल्सचं मोठं जलविद्युत केंद्र याच पाणलोटात आहे. क्वेबेक सरकारच्या नकाशांवर ही रेघ आजही ‘अंतिम नाही’ अशी नोंद करून छापली जाते.