उणे एक, शून्य, एक

चिपळूणच्या पेठेत आमचं किराणा दुकान होतं. एकदा एक किलोचं वजन हरवलं. नवं येईपर्यंत तीन किलो तांदूळ द्यायचे झाले की अण्णा एका पारड्यात पाच किलोचं वजन ठेवायचे आणि दोन किलोचं चक्क तांदळाच्या पारड्यात. मी तेव्हा चौथीत होते. वजन मालाच्या बाजूलाही ठेवता येतं, याचं मला भारी नवल वाटलं होतं.

आता मी पुण्यात प्रोग्रामिंग शिकवते. संगणकात ऋण संख्या कशी लिहितात हा धडा आला की कोणी ना कोणी विचारतंच, सगळे बिट, म्हणजे ० आणि १ हे अंक, उलटे करून वर एक का मिळवायचा? मग मी मुलांना सेतुनबद्दल सांगते.

मॉस्को विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं हे नाव. गणितज्ञ सर्गेई सोबोलेव यांच्या पुढाकाराने निकोलाई ब्रुसेन्त्सोव यांनी १९५८ मध्ये तिथे या नावाचा संगणक उभा केला. त्यात बिट नव्हते, ट्रिट होते. प्रत्येक ट्रिटची किंमत उणे एक, शून्य किंवा एक. म्हणजे अण्णांचा तराजूच! १, ३, ९ अशी वजनं घ्या. पाच किलो हवेत? नऊचं एकीकडे, तीन आणि एकचं मालाकडे. ऋण संख्येला वेगळं चिन्ह लागत नाही. पारडी बदलली की झालं. आखूड संख्या नऊ ट्रिटची, त्यात उणे ९८४१ ते अधिक ९८४१ एवढं मावतं. फेराइटच्या छोट्या चुंबकीय कड्या आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड यांच्यावर चालणारं हे यंत्र, त्याला समजणाऱ्या आज्ञा फक्त २४. एवढ्या थोडक्या सामानात किती नेटका विचार बसवलाय, हे मला आजही थक्क करतं.

कझानच्या कारखान्यात सुमारे ५० सेतुन बनले आणि कालिनिनग्रादपासून याकुत्स्कपर्यंत गेले. १९६५ मध्ये उत्पादन थांबवलं. ब्रुसेन्त्सोव यांनी पुढे सेतुन-७० केला, पण तो कारखान्यापर्यंत पोचलाच नाही. दरम्यान सोव्हिएत सरकारने आयबीएम ३६० या अमेरिकन संगणकांच्या धर्तीवर ईएस ही संगणकांची मालिका काढायचं ठरवलं होतं. पवईच्या आयआयटीत आलेला ईएस-१०३० त्याच घराण्यातला. बेस्म-६ या सोव्हिएत संगणकासारखं स्वतःच्या डोक्याने घडवलेलं, सेकंदाला दहा लाख क्रिया करणारं यंत्र हाताशी असताना हा रस्ता धरला, याची मला फार हळहळ वाटते.

परवा अण्णांना फोनवर विचारलं, "१, ३, ९ आणि २७ ची एकेकच वजनं आहेत. चौदा किलो कसे द्याल?"

क्षणभर थांबून म्हणाले, "सत्तावीसचं इकडे, बाकीची तिन्ही मालाकडे. का गं, कुणी गिऱ्हाईक आलंय?"