दिवे घाटातून लावलेला फोन

माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून पहाटे निघाली. मी पूलगेटला तिच्यात शिरलो. पुणे ते सासवड, तीसेक किलोमीटर, एवढीच माझी वारी. पापही तेवढंच धरलं होतं मी, एका टप्प्याचं.

वडील गेल्यावर ताईला सांगितलं, "कर्जासाठी नुसती सही लागतेय," आणि हक्कसोडपत्र करून घेतलं. तिने निबंधकाच्या ऑफिसात अंगठा टेकवला, फोटो काढून घेतला, वर बाहेर आल्यावर मलाच उसाचा रस पाजला.

धर्मशास्त्रातली पाच महापातकं मी हुडकून पाहिली होती: ब्रह्महत्या, सुरापान, सोन्याची चोरी, गुरुपत्नीगमन आणि असल्या लोकांचा संसर्ग. बहिणीची जमीन यादीत नाही. (केवढा दिलासा!) पण मनुस्मृतीच्या त्याच अकराव्या अध्यायात पाप कशानं फिटतं तेही दिलंय, आणि त्यात पहिलं येतं ख्यापन. म्हणजे केलेलं पाप तोंडानं सांगणं. पश्चात्ताप, तप, अध्ययन, दान हे सगळं त्याच्या मागून. चालायला माझी ना नव्हती. बोलायची होती.

हडपसरपर्यंत केळी, चहा, राजगिऱ्याचे लाडू. लोक हातात कोंबत होते. वडकी नाल्याच्या विसाव्याला बूट काढला तर टाचेला लिंबाएवढा फोड. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक म्हातारी थांबली. वृंदावन सोबतिणीकडे दिलं, कमरेच्या पिशवीतून सुई काढली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार नेऊन दोन्ही टोकं बाहेर ठेवून तोडला. "दोरा राहू द्या, पाणी झिरपून जातं." तिच्या स्वतःच्या टाचांच्या भेगांत चिखल वाळला होता. उठताना तिनं माझ्या पायांवर डोकं टेकवलं. "येते माउली."

वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, हे ठाऊक होतं. तरी पाय मागे ओढला मी.

घाटात रथाला जादा बैलजोड्या लागल्या होत्या, टाळ-मृदंगानं कान बधिर झालेले. दुसऱ्या वळणावर कठड्याला टेकून फोन लावला. चौथ्यांदा लागला. सगळं सांगितलं, सहीपासून रसापर्यंत.

पलीकडे कुकरची शिटी झाली. तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"कुठायस तू?"

"दिवे घाटात. वारीत."

"बरं." मग बराच वेळ काही नाही. "रविवारी ये. सातबारा घेऊन ये."