१९२ मतं

संपादक मंडळाने शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. त्या लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर आबासाहेब, म्हणजे आमचे आमदार गणपतराव देशमुख, आले. आमच्या पिढीचं शिक्षण सांगोला तालुक्यात झालं, त्याला इलाज नाही.

आमची दहावीची बोर्डाची परीक्षा आणि विधानसभेचा निकाल १९९५ च्या एकाच मार्चमध्ये आले. गणपतराव देशमुख १९२ मतांनी पडले, शहाजीबापू पाटील निवडून आले. १९२ म्हणजे आपल्या शाळेच्या तीन-चार तुकड्यांचा पट! त्या दिवसांत भूमितीपेक्षा जास्त डोकं मागच्या बाकांवर खर्च झालं. कोणाच्या वस्तीवरची किती माणसं ऊसतोडीला गेली होती, कोणाचा चुलता मुंबईहून आलाच नाही, याचे हिशेब चालले होते. सरांनी दोनदा दटावलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच हिशेबात भाग घेतला.

आबासाहेब मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली शिकलेला हा माणूस १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून सांगोल्याचा आमदार झाला. १९७२ आणि १९९५ चे पराभव सोडले तर तालुक्याने त्यांना सोडलं नाही. एकूण अकरा वेळा निवडून दिलं, सगळ्या वेळा एकाच पक्षातून. आमचे आजोबा लाल बावट्याचे, म्हणजे याच पक्षाचे, कट्टर. धाकटे चुलते तात्या मात्र काँग्रेसचे. ते म्हणायचे, "विरोधी बाकावर बसून पाणी मागता येतं, आणता येत नाही." आजोबा भाकरी मोडता मोडता थांबायचे, पण उत्तर द्यायचे नाहीत. तात्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, असं मला आजही वाटतं. १९७८ चं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि १९९९ नंतरचा थोडा काळ एवढंच आबासाहेबांचं मंत्रिपद. बाकी उभी हयात विरोधात गेली.

तरी कामं झाली. सूतगिरणीचंच घ्या. माणदेशातल्या या कोरड्या तालुक्यात कापसाचा पत्ता नाही आणि यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली! तेव्हा हसणारे पुष्कळ होते. कापूस बाहेरून आला, पण पगार मात्र इथल्या घरांत गेला. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची फी गिरणीच्या पगारातून भरली जायची. शिफ्ट बदलायच्या वेळी रस्त्यावर सायकलींची रांग लागे आणि आम्ही एसटीच्या खिडकीतून त्यात आपापल्या ओळखीची माणसं शोधायचो.

पाण्याची लढाई त्याहून लांबली. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी पुढे, आबासाहेब त्यांच्या बरोबरीने, आणि समोर कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मे २००० पर्यंत अडवलं पाहिजे, ही त्या काळातली घाई. आजोबा परिषदेला जायचे आणि परत आल्यावर टीएमसी म्हणजे काय ते मला विचारायचे. मी विज्ञानाच्या सरांना विचारायचो. सरांनी फळ्यावर घनफुटांची शून्यं मांडली, ती मोजताना पुढच्या बाकावरची मुलंही चुकली.

दरम्यान रोजगार हमीतून फळबागा आल्या, माळरानावर डाळिंब उभं राहिलं. पुढे तेल्या रोगाने ते पुष्कळ ठिकाणी झोपवलंही. शाळेत नव्या बुटांचे दिवस आले आणि काही घरांतून पुन्हा गेले.

२०१४ साली आबासाहेब अकराव्यांदा निवडून आले, तेव्हा वय नव्वदीकडे झुकलेलं. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी गेले.

आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलंय. तात्या त्याच पाण्यावर डाळिंब काढतात, बिल आलं की कुरकुरतात, आणि विषय निघालाच तर ठणकावून सांगतात, "हे सरकारनं आणलं, आबासाहेबांनी नुसतं मागितलं." आजोबा आता नाहीत, आणि त्यांच्यासारखं गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून हल्ली याला उत्तर मी देतो. मग तात्या माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलत नाहीत.